पान नंबर ६१ वर सोडली!

खरं सांगा, तुम्ही ‘कोसला’ पूर्ण वाचलीय?

प्रश्न तसा सोपा. पण जळगावचा माणूस उत्तर द्यायला दोन सेकंद जास्त घेतो. कारण ‘कोसला’ न वाचणं म्हणजे आमच्याकडे भरीत न खाण्यासारखं! भालचंद्र नेमाडे आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. कादंबरी १९६३ ची. पुढे २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा तर अख्ख्या जिल्ह्याची कॉलर ताठ झाली. मग कोण म्हणणार, की बुवा, मला नाही जमली?

मी म्हणते. मास कॉमला असताना या कादंबरीवर वर्गात दहा मिनिटं बोललेय मी. टाळ्याही घेतल्यात. आज कबूल करते. तीनदा सुरू केली होती आणि तिन्ही वेळा नव्वदाव्या पानाच्या आसपास मिटली होती.

हे कन्फेशन आत्ताच का? त्याला कारण आहे धुळ्याची मावशी.

साडेचारशे रुपयांची गोष्ट

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात एका पुरवणीसाठी मी एका नव्या कादंबरीचं परीक्षण लिहिलं. लेखक ओळखीचे. प्रकाशन समारंभाला बोलावणं, सहीनिशी पुस्तक भेट, वर कॉफी आणि कचोरी. डेडलाइन दुसऱ्या दिवशीची. मी साठ पानं वाचली, मग मलपृष्ठ वाचलं आणि ठोकून दिलं, ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजे अशी कलाकृती!’ छापून आलं, लाइक्स आले, लेखकांचा थँक्यूचा मेसेजही आला. विषय संपला.

महिन्याभराने एरंडोल-पारोळामार्गे एसटीने धुळ्याला गेले. मावशी निवृत्त शिक्षिका. एकटी राहते. आठवड्याला दोन पुस्तकं हा तिचा हिशेब. गरुड वाचनालयाची ती जुनी वाचक, त्यामुळे पुस्तक विकत घेणं तिच्याकडे सणासुदीचं काम. चहा ठेवता ठेवता तिने टेबलाकडे बोट दाखवलं. तीच कादंबरी! आत बिल, रुपये साडेचारशे.

‘तुझं वाचून घेतली,’ ती म्हणाली. मग चष्म्यावरून बघत अहिराणीत आली. आमची मावशी अहिराणीत आली, की समजायचं प्रकरण गंभीर आहे. ‘खरं सांग, तुले आवडनं का?’

मी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून कपात पडलं.

मावशीने एक वही पुढे सरकवली. अशा तिच्याकडे सात वह्या आहेत. चार रकाने : तारीख, पुस्तक, पान, शेरा. पूर्ण वाचलं तर ‘पूर्ण’. नाहीतर जिथे सोडलं तो पान नंबर. माझ्या कलाकृतीसमोर लिहिलं होतं, ‘पान ६१. सोडली. भाचीने लिहिलंय म्हणून घेतली होती.’

बॉस, आजवर माझ्या लिखाणाचं इतकं कडक परीक्षण कुणी केलेलं नाही.

ही सवय इथलीच!

गंमत बघा, कादंबरीला तोंडावर खरं सांगायची खोड खान्देशाला जुनीच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही शहरात आहे. आपल्याला ते जुन्या कागदपत्रांसाठी माहीत असतात. पण त्यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला आणि आपल्या कादंबरीला थेट युरोपातल्या कादंबरीशेजारी उभं करून मोजलं. पुढे नेमाड्यांनी तर ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असं शीर्षकातच विचारून टाकलं. म्हणजे कचोरी खाऊन ‘कलाकृती’ लिहिणारी मीच परंपरेच्या बाहेरची!

मग ठरवलं, की मावशीची पद्धत वापरायची. जळगाव-धुळ्यातल्या मित्रमैत्रिणींना गाठलं. अट एकच, आवडलं-नाही आवडलं नंतर, आधी पान नंबर सांगायचा. लोक आधी लाजले, मग सुटलेच.

ऐतिहासिक : ‘पानिपत’

विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी. धुळ्याचा एक सिव्हिल इंजिनिअर दोस्त म्हणाला, ‘पूर्ण. पण शंभरेक पानांनंतर सरदारांची नावं कागदावर लिहून काढली तेव्हा.’ तक्रार? गर्दी फार. आणि तरी? ‘१४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे शाळेपासून माहितीये. तरी रात्री दोन वाजता वाटत होतं, की या वेळी भाऊ जिंकतील.’ शेवट माहीत असूनही धाकधूक होते. अजून काय पाहिजे?

पौराणिक : ‘मृत्युंजय’

शिवाजी सावंतांचा कर्ण, १९६७ चा. जळगावच्या एका सीए मैत्रिणीने कॉलेजात दोनदा वाचली, दोन्ही वेळा रडली. तिशीत पुन्हा उघडली आणि निम्म्यावर सोडली. ‘कर्णाच्या प्रत्येक चुकीला कारण आहे गं. माझ्या चुकांना कोण एवढी पानं देतं?’ ती हसत म्हणाली, पण मुद्दा घ्या. एकच पुस्तक, एकच वाचक, शेरे दोन. आणि दोन्ही खरे.

कॉलेज आणि प्रेम : ‘दुनियादारी’ आणि ‘शाळा’

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आमच्या पिढीने बहुतेक २०१३ चा सिनेमा बघून मग वाचली. एचआरमधली एक मैत्रीण म्हणते, ‘एका बैठकीत पूर्ण. कट्टा भारी, डायलॉग भारी. पण त्यातल्या मुलींना मुलांबद्दल बोलण्यापलीकडे काही काम नाही का?’ तिने मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मात्र तीनदा वाचलीय. आणीबाणीचा काळ, नववीतला जोशी आणि शिरोडकर. ‘यात कुणी हिरो नाही, म्हणून मला माझा वर्ग दिसला.’

हॉरर : नारायण धारप

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह असलेला एक मित्र महिन्यातले बारा दिवस लॉजवर काढतो. त्याचा शेरा : ‘लुचाई. पूर्ण. लाइट चालू ठेवून.’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे त्याला नंतर कळलं तेव्हा थोडं फसल्यासारखं झालं. मग त्याने मूळ वाचली. ‘पण भूत अमेरिकेत असेल तर आपल्याला काय! ते मराठी बोलायला लागलं, की मग खरी तंतरते.’

सायन्स फिक्शन : ‘वामन परत न आला’

जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले, त्यानंतर वर्क फ्रॉम होम करणाऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्याने ही हाती घेतली. पूर्ण. ‘माणसं कधीकधी लेक्चर दिल्यासारखी बोलतात, कंटाळा येतो. पण माणसापेक्षा हुशार यंत्राची भीती त्यांनी ऐंशीच्या दशकात लिहून ठेवलीय. मी दिवसभर एआयशी बोलतो, मला झोप नाही लागली.’

ग्रामीण : ‘बारोमास’

हा शेरा मला सगळ्यात जास्त लागला. सदानंद देशमुखांची ही २००२ ची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या मातीतली. कोरडवाहू शेती, शिकून घरी बसलेला एकनाथ. बँकेत नोकरी करणारा, पारोळ्याकडचा एक मित्र म्हणाला, ‘निम्मीच वाचली.’ मी विचारलं, बोअर झाली? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘नाही. आमच्या घरातलं बोलणं होतं ते. कापसाचे दिवस होते, वडिलांचा फोन यायचा. वर पुन्हा पुस्तकात तेच. नाही वाचवलं.’

म्हणजे सोडलेलं पुस्तक वाईटच असतं असं नाही. कधीकधी ते नको इतकं खरं असतं.

(बॉक्स) प्रामाणिक शेऱ्याचा फॉर्म्युला

१. आधी पान नंबर सांगा. न वाचलेल्या पानांवर मत नको.
२. तेव्हा तुम्ही कुठे होतात? हॉस्टेलवर, लॉजवर की दवाखान्याच्या बाकावर? फरक पडतो.
३. एक तक्रार आणि एक ‘तरीपण’. दोन्ही मस्ट!
४. पुस्तक विकत घेतलं, वाचनालयातून आणलं की भेट मिळालं, ते सांगून टाका.
५. पाच वर्षांनी मत बदललं तर बदललं म्हणा. लाज कसली?

आणि ‘कोसला’?

मावशीच्या वहीत शोधली. दोनदा सापडली. १९८९ : ‘पान १०४. सोडली. या मुलाला कुणीतरी कामाला लावा.’ मी खो-खो हसले. मग २००३, म्हणजे माझी आजी गेली त्या वर्षी : ‘पूर्ण. धाकट्या बहिणीचं मरण वाचलं. रात्री स्वयंपाक केला नाही.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. चौदा वर्षांत पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. मावशी बदलली होती.

घरी येऊन चौथ्यांदा सुरू केली. या वेळी नव्वदावं पान कधी गेलं कळलं नाही. हा माझा शेरा, पहिल्यांदाच खरा : पूर्ण. पुण्याचं कॉलेज, मेस, उधाऱ्या, पांडुरंग सांगवीकरचं सतत स्वतःवर वैतागणं, हे मला अजूनही लांबलेलं वाटतं. तरीपण बहिणीचा तो भाग वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि कारण नसताना माझ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, जेवलास का?’

मागच्या आठवड्यात पुन्हा धुळ्याला गेले. साडेचारशे रुपये पाकिटात घालून मावशीपुढे ठेवले. मला वाटलं होतं, ती म्हणेल राहू दे गं वेडे. छे! तिने नोटा मोजल्या, डब्यात ठेवल्या आणि ती कादंबरी माझ्या हातात दिली.

‘आता ही तुझी. पूर्ण वाच. मग लिही.’

सध्या पान ११२ वर आहे. मधली चाळीस पानं खरंच चांगली निघाली, हे मावशीला अजून सांगितलेलं नाही. आधी शेवटपर्यंत जाऊ दे.