तारा फुटला म्हणे!

२०१९ च्या अखेरीस मृगातली काक्षी मंदावली आणि मोबाइलवर बातमी फिरू लागली : तारा फुटणार, दिवसाढवळ्या दिसणार! काही महिन्यांत काक्षी पुन्हा उजळली. तिनेच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती.

मग खरा स्फोट ओळखायचा कसा? आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची ‘ट्रान्झियंट नेम सर्व्हर’ ही नोंदवही सर्वांना खुली आहे. २०१६ पासून अधिकृत नावे तिथेच मिळतात. नावाआधी ‘एटी’ असेल, तर कुणाला तरी नवा ठिपका दिसला एवढेच समजावे. तो रूपविकारी ताराही निघू शकतो. वर्णपट घेऊन स्फोटाची खात्री पटली की ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ लागते. वर्णपटात हायड्रोजन सापडला, तर बहुधा एखादा महाकाय तारा कोसळलेला असतो. हायड्रोजन नाही पण सिलिकॉन आहे, तर तो श्वेतबटूचा स्फोट. बातमीत यातले काहीच नसेल, तर ती पुढे पाठवायची घाई कशाला?

१९ मे २०२३ ला जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ दीर्घिकेत असा ठिपका दिसला. काही तासांतच त्याचा वर्णपट मिळाला आणि ‘एसएन २०२३ आयएक्सएफ’ हे नाव पक्के झाले. ही अक्षरेही बोलकी आहेत. क्रमाने मोजली, तर त्या वर्षीची ती ६,७१४ वी नोंद ठरते. आणि मे महिना तेव्हा संपलाही नव्हता! दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर. सप्तर्षींच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी ती त्रिकोण करते. मे महिन्याच्या रात्री जळगाव-धुळ्याहून हा भाग उत्तरेला चांगला उंच असतो. अकराव्या प्रतीपर्यंत उजळलेला तो तारा शहराच्या दिव्यांपासून दूर, मध्यम दुर्बिणीच्या आवाक्यात होता.

नोंदीचे मोल खान्देशाला परके नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचे सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहला’चे गणित ११८३ पासून सुरू होते. त्याआधी दोनच वर्षे, ११८१ मध्ये, शर्मिष्ठेत नवा तारा सुमारे सहा महिने दिसत होता. चिनी आणि जपानी निरीक्षकांनी त्याची जागा आणि तारखा लिहून ठेवल्या. २०१३ मध्ये डाना पॅचिक या अमेरिकन हौशी निरीक्षकाला तिथेच ‘पीए ३०’ हा तेजोमेघ सापडला. त्याच्या प्रसरणाच्या वेगावरून वय काढले तेव्हा ते हजार वर्षांच्या आसपास भरले, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी त्याची सांगड ११८१ च्या नोंदींशी घातली.