पासपोर्ट, व्हिसा आणि तिसरा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी जायचं ठरलं, की आपल्या घरांतून पहिली चर्चा होते ती वजनाची. तेवीस किलोच्या बॅगेत भाजणी किती, मेतकूट किती, लोणच्याची बरणी न्यायची की नाही, यावर आठ-आठ दिवस खल होतो. विम्याचा विषय मात्र निघतो तो तिकीट काढताना, संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उमटते तेव्हा. ‘इन्शुरन्स हवा का?’ कुणी म्हणतं, ‘असू दे, टाक खूण.’ कुणी म्हणतं, ‘कशाला उगाच खर्च?’ दोन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात दिली जातात. सामान्य विम्याच्या कचेरीत दाव्यांच्या फायली तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, या अर्ध्या मिनिटाचा निदान अर्धा तास करायला हवा.

प्रवासाचा विमा ही काही आजची कल्पना नाही. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली १८५३ साली. त्याच्या चार वर्षं आधी, १८४९ मध्ये, इंग्लंडमध्ये रेल्वेच्या तिकिटाबरोबर अपघात विमा विकायला सुरुवात झाली होती. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने तीन पेन्स दिले तर एक हजार पौंडांचा विमा, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला एका पेनीत दोनशे पौंडांचा. आज आपण आयआरसीटीसीवर तिकीट काढतो तेव्हा ४५ पैशांत दहा लाख रुपयांपर्यंतचा अपघात विमा मिळतो, त्याचं मूळ हेच. (जाता जाता सांगतो, तो विमा घेतल्यावर मोबाइलवर एक दुवा येतो. त्यात वारसाचं नाव भरायचं असतं. ते जरूर भरा.)

त्या तीन पेन्समागचा विचार आजही तसाच लागू आहे. जे नुकसान आपल्याला सोसता येतं त्यासाठी विमा नसतो. जे सोसता येणार नाही त्यासाठी असतो. एवढं एक वाक्य मनात ठेवलं, तर कुठली पॉलिसी घ्यावी आणि कशाकडे लक्ष द्यावं, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

बॅग हरवली तर जीव हळहळतो. पण बॅगेची जबाबदारी मुळात विमान कंपनीवरही असते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला. त्यानुसार सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून वाढली असून ती साधारण दोन हजार डॉलरच्या घरात जाते. सामान मोडतोड होऊन मिळालं तर सात दिवसांत आणि उशिरा मिळालं तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. थोडक्यात, बॅग हे सोसण्यासारखं नुकसान आहे. न सोसण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे परक्या देशातलं रुग्णालय.

आपण घर सोडतो तेव्हा नेमकं काय मागे ठेवून जातो, याचा विचार करून पाहा. ओळखीचे डॉक्टर मागे राहतात. रात्री दवाखान्यात बसणारी भाचे-पुतणे मंडळी मागे राहतात. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना मागे राहतात. आणि बहुतेकांना ठाऊक नसतं ते असं, की वर्षानुवर्षं हप्ते भरलेली आपली मेडिक्लेमही बहुतांशी मागेच राहते. कारण आपल्याकडच्या बहुसंख्य आरोग्य पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांपुरत्याच असतात.

आता समोरच्या देशात काय असतं ते पाहू. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही. त्यामुळे तो ऐच्छिक आहे, असा आपला समज होतो. तिथे १९८६ पासून असा कायदा आहे, की तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे. ऐकायला फार दिलासा वाटतो. पण हा कायदा उपचार नाकारू नका म्हणतो, बिल लावू नका असं म्हणत नाही. बिल नंतर टपालाने येतं. तेही एक नाही. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं.

इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातल्या तपासणीचे पैसे पाहुण्याकडूनही घेत नाहीत. मात्र दाखल करून घेतलं, की सहा महिन्यांहून कमी मुदतीसाठी आलेल्या आपल्यासारख्या पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. युरोपातल्या शेंगेन देशांनी तर जून २००४ पासून व्हिसासाठी विमा सक्तीचा केला आहे. किमान ३० हजार युरोंचा आणि रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याच्या खर्चासह. पण हा आकडा त्यांच्या दाराची उंची आहे, आपल्या गरजेची नव्हे. स्वस्तात स्वस्त पॉलिसी व्हिसा मिळवून देते. ती आपल्याला पुरेल का, हा प्रश्न आपणच विचारायचा.

इथे मला एक फाइल आठवते. पश्चिम महाराष्ट्रातले एक निवृत्त शिक्षक पत्नीसह लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते. पॉलिसी घेतलेली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. बिल डॉलरमध्ये पाच आकडी. दावा आला तेव्हा अर्ज तपासला गेला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. आणि रुग्णालयाच्या कागदात, डॉक्टरांनी विचारल्यावर गुरुजींनी स्वतः सांगितलेलं होतं, की आठ वर्षं रक्तदाबाची आणि साखरेची गोळी चालू आहे. दावा नामंजूर झाला. गुरुजी खोटं बोललेच नव्हते. घाईघाईत दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या नावावर ते लिहिलं होतं आणि त्यांनी खाली सही केली होती. लेक-जावयाने रुग्णालयाशी बोलून रक्कम थोडी कमी करून घेतली आणि उरलेली पुढे कित्येक महिने हप्त्यांनी फेडली. ज्या बाळासाठी सगळे जमले होते, त्याचं पहिलं वर्ष त्या घरात हप्ते मोजण्यात गेलं.

‘हो’ लिहिलं असतं तर काय झालं असतं? हप्ता वाढला असता, कदाचित वैद्यकीय तपासणी करावी लागली असती. पण जुन्या आजारातून उद्भवलेल्या जिवावरच्या प्रसंगासाठी एका मर्यादेपर्यंत रक्कम देणाऱ्या पॉलिसी मिळतात. ती मर्यादा कितीची, हे विचारून घ्यावं लागतं. म्हणून ज्येष्ठांना माझं सांगणं असं, की अर्ज मुलाने भरो, पुतण्याने भरो की एजंटाने, सही करण्यापूर्वी आजाराचा रकाना स्वतः वाचा.

आता तरुणांकडे वळू. हल्ली एक नवी जमात तयार झाली आहे. पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या कंपनीचं काम करायचं, पण दोन महिने बालीत, तीन महिने थायलंडमध्ये, पुढे जमलं तर पोर्तुगालमध्ये राहून. त्यांना ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. आपण लॅपटॉपवाले भटके म्हणू. हे नाव तसं जुनंच, १९९७ मध्ये याच नावाचं एक पुस्तक निघालं होतं. करोनाच्या काळात त्याला खरा जोर आला. बार्बाडोस आणि एस्टोनिया या देशांनी २०२० मध्ये अशा लोकांसाठी खास परवाने सुरू केले आणि मग अनेक देशांनी त्यांचा कित्ता गिरवला.

या मुलांची अडचण वेगळी आहे. प्रवास विमा रचलेला असतो तो घरून निघून घरी परतणाऱ्या माणसासाठी. यांचं तर घर कुठलं आणि सहल कुठली, तेच ठरलेलं नसतं. म्हणून यांनी तीन गोष्टी नीट पाहायला हव्यात. पहिली, आपल्याकडची प्रवास पॉलिसी साधारणपणे भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. तिकडे पोचल्यावर सुचलं तर उशीर झालेला असतो. दुसरी, वर्षभराची ‘मल्टि-ट्रिप’ पॉलिसी म्हणजे वर्षभर बाहेर राहण्याची मुभा नव्हे. वर्षात कितीही फेऱ्या करा, पण प्रत्येक फेरी तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची, अशी अट तीत असते. एकसष्टाव्या दिवशी पाय मोडला तर हातात नुसता कागद. एका सलग प्रवासाची पॉलिसीही बहुधा १८० दिवसांपर्यंत मिळते. वाढवायची असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो. तिसरी गोष्ट अशी, की प्रवास विमा तातडीचे उपचार देतो, दीर्घ आजार सांभाळत नाही. वर्षभर बाहेर राहणाऱ्याने आंतरराष्ट्रीय आरोग्य विम्याची चौकशी करावी. तो महाग असतो, पण त्याचं काम वेगळं आहे.

आणि स्कूटर! बालीत किंवा फुकेतमध्ये स्कूटर भाड्याने देणारा दुकानदार पुष्कळदा परवाना विचारतही नाही. विमा कंपनी मात्र विचारते. दुचाकीचा वैध परवाना नसताना, हेल्मेट नसताना किंवा मद्य घेऊन झालेला अपघात बहुतेक पॉलिसी मान्य करत नाहीत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो. त्यात दुचाकीचा वर्ग नमूद आहे ना आणि जिथे जायचं त्या देशात तो चालतो ना, दोन्ही पाहून घ्या. गिर्यारोहकांचंही तसंच. एव्हरेस्टचा तळ ५,३६४ मीटरवर आहे. किती उंचीपर्यंतचा ट्रेक चालतो आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत शोधा. ‘साहसी खेळ वगळून’ असे दोन-तीन शब्द कुठेतरी बारीक अक्षरात असतात.

प्रवासच रद्द झाला तर? एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पाडलं, सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. २३ मार्च २०२० पासून तर भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, ती पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ रोजी. मुलांकडे गेलेले कितीतरी आईवडील तिकडेच अडकले आणि पॉलिसीची तारीख मात्र ठरल्या दिवशी संपणार होती. यातून दोन धडे घ्यायचे. संकटाची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या संकटाला लागू होत नाही. आणि परतीच्या तारखेच्या पुढे आठ-दहा दिवसांची पॉलिसी घेतली तर जादा पैसे फार पडत नाहीत.

पॉलिसी हातात आली, की चार प्रश्न विचारा. एकूण रक्कम किती? अमेरिकेसाठी ५० हजार डॉलर फारच तोकडे, मोठ्या रकमेचा पर्याय पाहा. पोटमर्यादा आहेत का? म्हणजे एकूण रक्कम मोठी, पण खोलीचं भाडं, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या छोट्या मर्यादा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत या हमखास असतात. डिडक्टिबल किती, म्हणजे दर वेळी सुरुवातीचे किती डॉलर आपल्या खिशातून जाणार? आणि चौथा, रुग्णाला मायदेशी आणायचा खर्च आहे का? स्ट्रेचरवरून रुग्णाला आणायचं तर विमानातल्या अनेक खुर्च्यांची जागा लागते. पार्थिव आणण्यासाठी आपल्या दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे, पण तो मुख्यतः निराधारांसाठी आहे. तो त्यांच्यासाठीच राहू द्यावा.

प्रसंग आलाच, तर आधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करा किंवा करायला सांगा. दाखल होण्यापूर्वी किंवा होताच कळवलं तर कंपनी परस्पर बिल भागवण्याची शक्यता वाढते. प्रत्येक कागद जपा, अगदी औषधाची पावतीसुद्धा. दावा नाकारला आणि ते अन्यायाचं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागा. तिथेही न्याय मिळाला नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी पॉलिसीची एक प्रत इथे घरच्यांकडे द्या आणि एक तिकडे ज्यांच्याकडे जाणार त्यांना पाठवा. कारण जेव्हा तिची गरज पडेल, तेव्हा फोन करण्याच्या स्थितीत तुम्ही स्वतः असालच असं नाही. आणि सुखरूप परत आल्यावर ‘विम्याचे पैसे फुकट गेले’ असं वाटलं, तर त्यासारखं चांगलं काहीच नाही. ते फुकट जावेत म्हणूनच भरायचे असतात.