लग्नाच्या दिवशी सापडणारा शिपाई

शिपायाचा शोध घ्यायचा तर आधी पलटणीचे कागद काढावेत, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सहून कॅनडात गेलेल्या आणि तिथल्या जंगलाच्या कडेला घर करून राहिलेल्या शिपायांविषयी वाचायला घेतलं, तेव्हा मी पलटणीपासूनच सुरुवात केली आणि बरेच दिवस तिथेच अडखळले. त्या माणसांचा माग पलटणीत लागत नाही. तो त्यांच्या लग्नात लागतो.

पलटणीचं नाव कारिन्यां-सालिएर. १६६५च्या जूनमध्ये तिच्या पहिल्या तुकड्या ला रोशेल बंदराहून निघालेल्या जहाजांतून क्वेबेकला उतरल्या. उन्हाळा संपेपर्यंत सुमारे बाराशे शिपाई तिथे पोचले. पुढच्याच वर्षी झालेल्या शिरगणतीत त्या साऱ्या फ्रेंच वसाहतीची लोकसंख्या भरली ३,२१५. म्हणजे दर तीन रहिवाशांमागे एक शिपाई येऊन थडकला होता. त्यांना चौदाव्या लुईने पाठवलं होतं ते मोहॉक लोकांशी लढायला. मोहॉक हे हॉडेनोशॉनी, म्हणजे फ्रेंचांच्या भाषेत इरोक्वा, या पाच राष्ट्रांच्या संघातलं सर्वांत पूर्वेचं राष्ट्र. त्यांच्या मुलखातून फ्रेंच वस्त्यांकडे येणारा जलमार्ग शाम्पलँ सरोवरातून रिशलिअ नदीत उतरतो आणि ती नदी सेंट लॉरेन्सला मिळते. म्हणून शिपायांनी आल्या आल्या बंदूक बाजूला ठेवून कुऱ्हाड हातात घेतली आणि रिशलिअच्या काठी लाकडी किल्ले उभारले.

१६६६च्या जानेवारीत गव्हर्नर कूर्सेल यांनी भर बर्फात मोहीम काढली. बर्फावर चालायची जाळीदार पायताणं बहुतेकांकडे नव्हती, असली तरी वापरायची सवय नव्हती. थंडीने आणि उपासमारीने माणसं वाटेत पडली. त्याच वर्षी शरद ऋतूत त्रासी या सेनापतीने सुमारे तेराशे माणसं घेऊन मोहॉक गावं गाठली. गावकरी आधीच निघून गेले होते. फ्रेंचांनी चार गावं आणि हिवाळ्यासाठी साठवलेला मका जाळला. ज्या शिपायांची पुढची पिढी आपण शोधणार आहोत, त्यांच्या वास्तव्याची सुरुवात ही अशी आहे. हे पान गाळून त्यांचा वंशवृक्ष काढणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

१६६७मध्ये तह झाला आणि १६६८मध्ये पलटणीला परत बोलावलं गेलं. जो शिपाई इथेच राहील त्याला शंभर लिव्र रोख, किंवा पन्नास लिव्र आणि वर्षभराचा शिधा, अशी राजाची बोली होती. साधारण चारशे जण राहिले.

या चारशेंची नावं शोधताना पहिली अडचण येते ती नावाचीच. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव असे आणि कागदावर ते मूळ नावापुढे ‘दी’ हा शब्द लावून लिहीत. आपल्याकडच्या ‘उर्फ’शी हा शब्द तंतोतंत जुळतो. सांसूसी म्हणजे बिनघोर, जोलीकर म्हणजे उमद्या मनाचा, लाफ्लर म्हणजे फूल, लातुलिप म्हणजे ट्यूलिप. एकाच पलटणीत लाफ्लर अनेक. पुढे गंमत अशी होते की एका भावाची मुलं मूळ आडनाव लावतात, दुसऱ्याची टोपणनाव लावतात आणि दोन पिढ्यांत सख्खी चुलत भावंडं कागदोपत्री परकी होतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी असंख्य कुटुंबं अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत कामाला गेली. तिथल्या कारकुनांना फ्रेंच उच्चार जमेनात. मग ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, लब्लांचे व्हाइट झाले, र्वाचे किंग झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या एखाद्या ग्रीनवुडला आपला मूळ पुरुष फ्रेंच शिपाई होता हे कळायचं कसं?

दुसरी अडचण शिरगणतीची. वसाहतीचा कारभार पाहणारे इंटेंडंट झाँ तालों यांनी १६६६ची ती प्रसिद्ध शिरगणती केली. नाव, वय, नातं, धंदा असं सगळं टिपलं, पण फौज मोजली नाही. शिपाई तेव्हा राजाच्या खर्चाने तंबूत किंवा कुणाच्या तरी घरी राहत होता; तो रहिवासी नव्हता. बिशपने दृढीकरणाचा धर्मविधी केला तेव्हाच्या याद्यांत काहींची नावं दिसतात. कप्तान बेर्तिए प्रॉटेस्टंट होता, त्याने क्वेबेकला आल्यावर पंथ सोडला, त्याची नोंद आहे. पण साधा शिपाई असा कुठेकुठे डोकावतो आणि पुन्हा दिसेनासा होतो.

आणि मग एके दिवशी तो लग्न करतो. त्या दिवशी चर्चच्या नोंदवहीत पाद्री लिहितो: वराचं नाव, त्याच्या आईवडिलांची नावं, फ्रान्समधलं त्याचं गाव आणि ते कोणत्या धर्मप्रांतात येतं, वधूचं नाव, तिच्या आईवडिलांची नावं, तिचं गाव. तीन वर्षं नुसता ‘लाफ्लर’ असलेल्या माणसाला अचानक आई असते, बाप असतो, गाव असतं. मी अशा नोंदीची पहिली छायाप्रत पाहिली तेव्हा त्या तपकिरी शाईतल्या चार ओळींवर कितीतरी वेळ थांबले.

या लग्नांतल्या बऱ्याच वधू फ्रान्सहून आल्या होत्या. १६६३ ते १६७३ या काळात राजाने खर्च करून सुमारे आठशे तरुणींना कॅनडात पाठवलं; इतिहासात त्या ‘राजाच्या मुली’ म्हणून ओळखल्या जातात. बऱ्याच जणी पोरक्या, गरीब घरच्या. त्यांना निवड होती, हे मात्र कागदच सांगतात. चर्चमधल्या लग्नाआधी नोटरीसमोर विवाहकरार होत असे. काहींनी एका पुरुषाशी करार केला, तो रद्द केला आणि दुसऱ्याशी नवा केला. दोन्ही करार नोटरीच्या दप्तरात शाबूत आहेत. नाकारल्या गेलेल्या शिपायाचं नाव कधीकधी तेवढ्या एका रद्द करारावरच टिकलं आहे.

हे कागद का झाले आणि का टिकले, याचं उत्तर कायद्यात आहे. १६६४पासून या वसाहतीत पॅरिसचा रिवाज हा एकच दिवाणी कायदा लागू होता. त्या कायद्याने नवराबायकोने संसारात मिळवलेली मालमत्ता दोघांची. एक जण गेला की अर्धा वाटा मागे राहिलेल्याचा आणि उरलेला मुलांचा, त्यात मुलीही आल्या. वाटणी करायची तर आधी मोजदाद हवी. म्हणून नोटरी घरात येई आणि यादी करी: पातेली, कुऱ्हाड, बंदूक, गाय, जुना कोट, देणं किती, घेणं किती. शिपायाच्या लाकडी खोलीत काय होतं हे आज सांगता येतं ते या यादीमुळे. दुसरी गोष्ट नावाची. फ्रेंच कागदपत्रांत बाई जन्मभर माहेरच्या नावानेच लिहिली जाई. लग्न झालं, विधवा झाली, पुन्हा लग्न केलं, तरी नाव तेच. एका गावात पाच लाफ्लर असोत, प्रत्येकाची बायको वेगळी आहे आणि तिचं नाव स्थिर आहे. नवऱ्याचं टोपणनाव बदललं, पाद्र्याने स्पेलिंग चुकवलं, मुलगा वेगळ्या आडनावाने लग्नाला उभा राहिला, तरी त्याच्या आईचं नाव ताळा जुळवून देतं.

इथे मला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आठवतो. आजोबांच्या आजोबांपर्यंत सगळे पुरुष ओळीने आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही ते सापडले. कुणी कधी यात्रेला आलं, सोबत कोण होतं, ते सगळं. जुन्या पिढ्यांतल्या बायका मात्र लग्नात ठेवलेल्या नावाने आल्या आहेत. एक लक्ष्मी, एक रमा, पुन्हा एक लक्ष्मी. त्यांना आईबापांनी काय हाक मारली होती ते कुठेच नाही. आणि मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच तोडलेली. क्वेबेकचं ते पान वाचताना जे भरून आलं, त्यामागे हे होतं.

आता एक घर जवळून पाहू. फ्रांस्वा झारे हा दोफिने प्रांतातल्या सँ-शेफचा. मामाकडचं घराणं पेकोदी. त्याच घराण्यातला अँत्वान पेकोदी द कोंत्रकर पलटणीत कप्तान होता. फ्रांस्वा त्याच्याच तुकडीत झेंडा वाहणारा कनिष्ठ अधिकारी म्हणून १६६५मध्ये आला. १६६९च्या सप्टेंबरात त्याने ऑर्लेआं बेटावरच्या शेतकऱ्याच्या मुलीशी, मारी पेरोशी, लग्न केलं. ती तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. त्या काळी वसाहतीत असं होत असे, तरी मला ते वाचवत नाही.

२९ ऑक्टोबर १६७२ रोजी तालों यांनी त्याला सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावर जहागीर दिली, तीच व्हेर्शेर. सोरेल, शांब्ली, कोंत्रकर, सँतूर, व्हारेन, व्हेर्शेर या नावांची गावं आज नकाशावर आहेत, ती सगळी या पलटणीच्या अधिकाऱ्यांची नावं. योजना सरळ होती: अधिकाऱ्याला जहागीर, त्याच्या शिपायांना त्यात नदीकडे तोंड केलेल्या अरुंद, लांबलचक पट्ट्या. मोहॉक मुलखाकडून येणाऱ्या वाटेवर बंदूक धरता येणारी माणसं वसवायची. त्यामुळे जमिनीच्या दस्तात शेजारी कोण ते पाहिलं की जुनी तुकडी दिसू लागते. १६८१च्या शिरगणतीत तर प्रत्येक घरापुढे बंदुका किती, गुरं किती, लागवडीखालची जमीन किती, असं सगळं आहे.

व्हेर्शेर झालेल्या या झारे कुटुंबाला बारा मुलं झाली. पुन्हा युद्ध पेटलं आणि थोरल्या मुलीने लागोपाठ दोन नवरे गमावले, दोघेही इरोक्वांच्या हल्ल्यांत. १६९०मध्ये मारी पेरोने मोजक्या माणसांनिशी किल्ला राखला. १६९२च्या ऑक्टोबरात आईवडील घरी नसताना हल्ला झाला, तेव्हा त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने, मादलेनने, दार लावलं, डोक्यावर शिपायाची टोपी चढवली आणि तोफ डागली. ही कथा क्वेबेकमध्ये शाळकरी पोरांना माहीत आहे. १९१३मध्ये शिल्पकार लुई-फिलिप एबेर यांनी केलेला तिचा पुतळा व्हेर्शेरला नदीकाठी उभारला गेला.

वंशावळ शोधणाऱ्याने हिच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मादलेनने हा प्रसंग दोनदा लिहून काढला. पहिल्यांदा १६९९मध्ये, फ्रान्समधल्या मंत्र्याच्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात. त्यात पाठलाग करणाऱ्याच्या हातात तिच्या गळ्यातला रुमाल राहतो आणि ती निसटते. दुसऱ्यांदा कितीतरी वर्षांनी, आणि तेव्हा वेढा लांबून आठवडाभराचा झाला होता. दोन्ही तिच्याच शब्दांत आहेत. मी तिला खोटी म्हणणार नाही. पहिलं पत्र मागणीचं होतं. घरात पैसा नव्हता. वडील १७००मध्ये वारले, त्यांचं दीडशे लिव्र निवृत्तिवेतन नंतर मादलेनच्या नावे झालं, ते आईला सांभाळायच्या अटीवर. शौर्यकथेच्या पाठीशी एका विधवेच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे त्या अटीवरून कळतं. त्याच किल्ल्यावर दोन वर्षं आधी आई लढली होती, तिच्याकडे मात्र जवळजवळ कुणाचं लक्ष नाही.

हे सगळं आज घरबसल्या शोधता येतं ते काही चिकाटीच्या माणसांमुळे. सिप्रिएँ तांगे या पाद्र्याने गावोगावच्या चर्चच्या वह्या चाळून १८७१ ते १८९० या काळात फ्रेंच कॅनेडियन घराण्यांचा सात खंडांचा कोश छापला. विसाव्या शतकात द्रुएं संस्थेने नोंदवह्यांचे सूक्ष्मपट घेतले. १९६६पासून माँट्रियल विद्यापीठातल्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी बारसं, लग्न आणि दफन या तिन्ही नोंदी एकमेकींना जोडत वसाहतीतली कुटुंबं संगणकावर उभी केली. नोंदवह्यांच्या दोन प्रती ठेवायच्या, हा १६६७चा फ्रेंच फर्मानातला नियम. एक चर्चमध्ये, दुसरी न्यायकचेरीत. एक जळाली तरी दुसरी उरावी म्हणून. क्वेबेकला हा धडा आधीच मिळाला होता: १६४०मध्ये तिथलं चर्च जळालं आणि पहिल्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहाव्या लागल्या.

शोध घेण्याची रीत साधी आहे. आजच्या माणसापासून मागे जायचं, आणि जन्माऐवजी लग्नावरून लग्नावर पाय ठेवत जायचं. नातवाच्या लग्नाच्या नोंदीत मुलाचं आणि सुनेचं नाव, त्यांच्या लग्नाच्या नोंदीत त्यांच्या आईबापांचं. दहा-अकरा पायऱ्या उतरलं की शिपाई समोर येतो. मात्र बापाकडून बापाकडे गेलं तर फक्त एकच शिपाई भेटतो. आयांच्या वाटेने गेलेल्यांना त्याच पलटणीतले पाच-सहाही भेटतात.

आणि ज्यांची गावं जाळली गेली ते? १६६७च्या तहानंतर काही मोहॉक कुटुंबं आपला मुलूख सोडून उत्तरेला, माँट्रियलसमोरच्या काठावर येऊन राहिली. ठिकाणं बदलत बदलत १७१६मध्ये ती वस्ती आजच्या जागी स्थिरावली. तिचं नाव कानावागे. माँट्रियलहून पूल ओलांडला की ते गाव येतं, आणि मोहॉक भाषा तिथे अजून शिकवली जाते. तिथे एखाद्या मुलाला त्याचं कूळ विचारलं तर तो अस्वल, लांडगा किंवा कासव यांपैकी एक सांगतो. ते कूळ त्याला आईकडून आलेलं असतं.