बांधावरच्या गारगोटीला चकाकी

कुळवाला लागलेला दगड उचलायचा आणि बांधावर भिरकावून द्यायचा, हे आपण सगळेच करत आलो आहोत. त्या ढिगात काळा दगड पुष्कळ असतो; पण अधूनमधून एखादी पांढुरकी, मधाच्या रंगाची किंवा निळसर राखी गारगोटीही असते. पावसाने ओली असते तोवर ती डोळ्यांत भरते, उन्हात वाळली की निस्तेज होते. मुले ती खिशात घालून आणतात आणि घरी आल्यावर रंग गेला कुठे म्हणून विचारतात.

रंग कुठेच जात नाही. गारगोटीचा वरचा भाग खडबडीत असतो, त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. पाण्याने ते बारीक खळगे भरले की उजेड सरळ आत शिरतो आणि आतला रंग दिसतो. हा खडबडीतपणा कायमचा घासून काढला, तर कोरडा दगडही ओल्यासारखा दिसू लागतो. यालाच दगडाला चकाकी देणे म्हणायचे. एक फिरता डबा, चार प्रकारची भुकटी, पाणी आणि महिनाभराचा धीर एवढ्यावर हे घरी होते. पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आजचा हा लेख आहे.

आधी ही गारगोटी आपल्या रानात आली कशी ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला आणि थरावर थर साचून आपला काळा दगड तयार झाला. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि अनारशाला पडावी तशी दगडाला जाळी पडली. पुढे लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका त्या पोकळ्यांत आणून सोडली. एकावर एक पातळ पापुद्रे बसले. हाच अकीक. त्याचे पट्टे म्हणजे ते पापुद्रे. नंतर ऊनपावसाने काळा दगड कुजला, त्याची काळी माती झाली; अकीक मात्र कुजला नाही, तो मातीत तसाच राहिला. म्हणून काळ्या रानात दर नांगरटीला नव्या गारगोट्या वर येतात. त्या उगवत नाहीत, उघड्या पडतात.

आपले पूर्वज या दगडाला ओळखून होते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. तिथल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत याच जातीच्या दगडाची बारीक पाती सापडली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पट्टेदार दगड गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेत असल्याची नोंद आहे. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी घडवण्याचा धंदा तर आजही आहे. जुन्या काळी तिथे घडवलेले मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी चामड्याच्या पिशवीत घालून दोन माणसे समोरासमोर बसत आणि ती पिशवी दहा-पंधरा दिवस एकमेकांकडे लोळवत राहत. आता त्या माणसांच्या जागी विजेची मोटार आली. आपण घरी जे करणार, ते पिशवी लोळवण्याचेच काम.

दगड कोणते घ्यावेत

निम्मे यश इथेच ठरते. पहिल्यांदा करणारा माणूस दिसेल तो रंगीत दगड डब्यात घालतो आणि फसतो. डब्यात सगळे दगड सारख्याच कठीणपणाचे हवेत, नाहीतर कठीण दगड मऊ दगडाला खाऊन टाकतो. परीक्षा सोपी आहे. चाकूच्या टोकाने ओरखडा काढून पाहा. अकीकावर ओरखडा पडत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ उमटते. फुटक्या काचेच्या तुकड्यावर अकीकाने रेघ ओढली तर काच चरते. पांढरा दगड चाकूने खरवडला गेला आणि लिंबू पिळल्यावर फसफसला, तर ती चुनखडी समजा. आपल्या रानात चुनखडीचे खडे मुबलक, त्यामुळे ही फसगत नेहमीची. लाल किंवा पिवळट, उजेड आरपार न जाणारा घट्ट दगड चाकूला दाद देत नसेल तर चालेल. काळा जाळीदार दगड नको. त्याच्या भोकांत भुकटी अडकून राहते. भेग गेलेलाही नको.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. विहीर खणताना कधीकधी दगडाच्या पोकळीत पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबी स्फटिकांचे फूल सापडते. ते झिओलाइट किंवा त्याच्या सोबतीचे खनिज. ते मऊ असते; डब्यात घातलेत तर त्याचा चुरा होईल. शिवाय त्याची किंमत ते जसे निघाले तसेच ठेवण्यात आहे. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या भागांतली अशी स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत, आणि सिन्नरला तर ‘गारगोटी’ याच नावाचे खनिज संग्रहालय आहे. मुलांची सहल काढायची तर जागा उत्तम.

तसेच, गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर मणी किंवा दगडी पाती दिसली तर ती उचलू नका. शिक्षकांच्या मार्फत पुरातत्त्व खात्याला कळवा. टेकाडावरून हलवलेला मणी मुका होतो, कोणत्या थरात होता हे मग कोणालाच सांगता येत नाही. आपल्या बांधावरच्या मूठभर गारगोट्या खुशाल घ्या. खणून विकण्याचा विचार असेल तर आधी तहसील कचेरीत विचारा.

डबा आणि त्याचा महिना

छंदापुरते तयार यंत्र मिळते: दीड किलो मावेल असा रबराचा डबा, तो दोन दांड्यांवर आडवा ठेवायचा, छोटी मोटार दांडी फिरवते आणि दांडीबरोबर डबा. गावातला मोटारी दुरुस्त करणारा कारागीर जुन्या सामानातूनही ते जुळवून देईल, पण त्याला दोन गोष्टी सांगा. डब्याला आतून रबर हवे. जुनी ट्यूब चालते. आणि वेग कमी हवा. सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याला मिनिटाला ४० ते ५० फेरे पुरे. वेग वाढवला तर दगड उंचावरून आदळून टवके उडतात. फारच वाढवला तर भिंतीला चिकटून बसतात आणि घासलेच जात नाहीत. दगड घरंगळले पाहिजेत, धान्य पाखडताना सुपात घरंगळते तसे.

विजेचा हिशेब आधीच करा. ४० वॅटची मोटार रात्रंदिवस चालली तर रोज एक युनिट, म्हणजे चार आठवड्यांना सत्तावीस-अठ्ठावीस युनिटे. पाव अश्वशक्तीची मोटार जोडलीत तर तेवढ्याच दगडांना सव्वाशे युनिटे जातील. शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र लावू नये, ती वीज शेतीकामाचीच. डबा पाझरू शकतो, म्हणून मोटार डब्याच्या खाली नको, आणि अर्थिंग पक्के हवे. आवाज बराच होतो. झोपायच्या खोलीपासून लांबच्या पडवीत यंत्र ठेवले तर घरातले लोक महिनाभर सोसतील.

डबा दोनतृतीयांश ते पाऊण भरावा. सगळे दगड एकाच आकाराचे नकोत. तीन-चार सेंटिमीटरचे थोडे आणि हरभऱ्यापासून बोरापर्यंतचे पुष्कळ, म्हणजे लहान दगड मोठ्यांच्या खाचाखोचांत पोचतात. वरच्या थराच्या जरा खाली राहील एवढे पाणी. किलोभर दगडांना सिलिकॉन कार्बाइडची जाड भुकटी, ६० ते ९० नंबरची, चार मोठे चमचे. नदीची वाळू घातली तर चालणार नाही का, असे कोणीतरी विचारणारच. नाही चालत. वाळू आणि अकीक कठीणपणात भावंडे आहेत. सिलिकॉन कार्बाइड दोघांपेक्षा पुष्कळ कठीण. नदी वाळूनेच दगड गुळगुळीत करते हे खरे, पण तिला घाई नसते.

जाड भुकटीवर सात दिवस डबा फिरला पाहिजे. सात दिवस म्हणजे १६८ तास; वीज गेली की तास मोजणे थांबवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. भारनियमनाच्या गावात आठवड्याचे दहा दिवस होतात, त्याला इलाज नाही. सुरुवातीला डबा रोज एकदा उघडा, कारण काही दगडांमुळे आत वायू साठून झाकण फुगते. सात दिवसांनी दगड धुऊन, वाळवून पाहा. वाळवून म्हणतो, कारण ओला दगड सगळ्यांनाच फसवतो. खळगे, टोके राहिली असतील तर नवी जाड भुकटी घालून आणखी एक आठवडा द्या. पहिल्या टप्प्यात कंटाळलेल्या माणसाचे दगड शेवटी चमकतात, पण खळग्यांसकट चमकतात.

मग १२० ते २२० नंबरची भुकटी, एक आठवडा. मग ५०० नंबरची, एक आठवडा. यानंतर दगड हाताला अगदी मऊ लागतो, पण कोरडा असताना काचेवर वाफ धरल्यासारखा मंद दिसतो. इथे नवखे लोक निराश होतात. निराश होऊ नका, तो तसाच दिसायला हवा. शेवटी सिरियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकाकीची पूड, आणखी एक आठवडा. आतापर्यंत दगड झिजून डबा रिकामा वाटू लागलेला असतो; ती जागा प्लॅस्टिकच्या मण्यांनी भरावी, म्हणजे दगड एकमेकांवर आपटत नाहीत.

प्रत्येक टप्प्याच्या मध्ये धुणे हे खरे काम, आणि घरात जो तांदूळ निवडण्यात चोख असेल त्याला ते द्यावे. दगड, डबा, झाकण, झाकणाची खाच, सगळे जुन्या दातांच्या ब्रशने घासावे लागते. जाड भुकटीचा एक कण चकाकीच्या डब्यात राहिला तर आठवडाभर तो सगळ्या दगडांवर रेघा ओढत बसतो. भेगेत भुकटी अडकलेला दगड सरळ बाजूला काढा. आणि डब्यातली राड मोरीत ओतू नका. ती नळात बसून घट्ट होते. विहिरीपासून लांब खड्डा करून त्यात ओता आणि माती लोटा.

धुळीबद्दल

डब्यातले काम पाण्यात चालते, धूळ उडत नाही, म्हणूनच ते घरात करण्याजोगे आहे. कोरडा अकीक एमरीच्या चाकावर धरणे ही गोष्ट वेगळी. त्याची धूळ म्हणजे सिलिका. डोळ्याला न दिसणारे तिचे कण फुप्फुसात जाऊन बसतात, फुप्फुस निबर होत जाते, धाप लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारे औषध नाही. असे फुप्फुस क्षयालाही लवकर बळी पडते. खंबायतच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत हा रोग आढळला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांची तपासणी केली आहे. तिथे घासण्याचे काम घरोघर चाले, त्यामुळे चाकावर न बसणाऱ्या बायकामुलांच्याही श्वासात ती धूळ गेली.

तेव्हा मोठा दगड फोडायचा तर ओल्या पोत्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, उघड्यावर फोडा. सांडलेली राड वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा; कोरड्या झाडूने झाडू नका. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. आणि मुलाने कितीही हट्ट केला तरी धार लावायच्या चाकावर कोरडी गारगोटी धरू देऊ नका.

पैशांचे विचाराल तर, डब्यात फिरवलेले दगड बाजारात किलोच्या भावाने विकले जातात आणि मोठे कारखाने ते टनांनी काढतात. दीड किलोच्या डब्याने त्यांच्याशी बरोबरी होणे नाही. ‘यंत्र आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ’ असे कोणी सांगत आला, तर आगाऊ पैसे देण्यापूर्वी त्याने परत घेतलेला माल कोणाचा, ते गाव विचारा आणि तिथे जाऊन या.

शेवटच्या आठवड्यानंतर डब्यात साबणाचा थोडा कीस आणि पाणी घालून दगड काही तास फिरवा, म्हणजे चकाकीची पूड निघून जाईल. मग ते कोरड्या पंच्यावर पसरा, पुसा आणि उन्हात धरा. पहिल्या खेपेला सगळेच दगड उजळणार नाहीत. जे मंद राहिले त्यांना टाकू नका. वेगळ्या डब्यात ठेवून पुढच्या खेपेला ५०० नंबरपासून पुन्हा फिरवा. जे उजळले त्यांतला पातळसा, पट्ट्यांचा एखादा दगड संध्याकाळच्या उन्हासमोर धरून पाहा. त्यातले पापुद्रे मोजता येतात. मुलांना मोजू द्या.