जॉयस्टिकच्या बैठकीत काय बसवावे?

संगणकावर विमान चालविण्याचा सराव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरचा छंद आमच्या विद्यार्थ्यांना चांगलाच लागला आहे. काही वर्षांनी जॉयस्टिक रुसते. विमान धावपट्टीवर उतरत असता हात स्थिर असूनही त्याचे नाक वर-खाली होऊ लागते. मग नव्या जॉयस्टिकचा हट्ट, आणि पालकांच्या खिशाला कात्री! वास्तविक दांडा, स्प्रिंगा व सांधे पुष्कळदा धडधाकट असतात. झिजलेले असतात ते बैठकीतील दोन लहान भाग.

स्वस्त बैठकींत दांड्याचा कोन मोजण्यास पोटेन्शिऑमीटर असतो. त्यात कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ सरकते. दांडा बहुतेक वेळ मध्याजवळ असतो, म्हणून पट्टी तेथेच अधिक झिजते. आणि सूक्ष्म हालचालींची गरजही नेमकी तेथेच असते.

यावर उपाय हॉल-सेन्सरचा. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीस लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, की तिच्या दोन कडांमध्ये अल्प विभवांतर उत्पन्न होते, हे एडविन हॉल याने अमेरिकेत १८७९ साली दाखविले. तेव्हा तो विद्यार्थीच होता, हे आमच्या मुलांनी ध्यानात ठेवावे! येथे दांड्याबरोबर फिरते ते चुंबक. सेन्सरला काही शिवत नाही, म्हणून घासण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र जवळ लोखंडी स्क्रू नसावेत. एएस ५६०० हा कोनमापक सेन्सरही उत्तम. परंतु त्याचा आय-टू-सी पत्ता ठरीव आहे. दोन अक्षांसाठी दोन सेन्सर एकाच तारेवर जोडल्यास घोटाळा होतो, तेव्हा त्याचे अ‍ॅनलॉग वाचन घ्यावे.

आता बिटांची गोष्ट. जाहिरातींत हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण हिशेब कोणी करीत नाही. १० बिटांच्या वाचनात १०२४ पायऱ्या असतात. पोटेन्शिऑमीटर ३०० अंश फिरणारा आणि दांडा एकूण ४० अंश हलणारा असेल, तर आपल्या वाट्यास येतात सुमारे १३६ पायऱ्या! १२ बिटांच्या ४०९६ पायऱ्यांतून येतील ५४६. म्हणून दांड्याच्या ४० अंशांत सेन्सरचा बहुतेक पल्ला वापरला जाईल अशी चुंबकाची मांडणी करणे, हे महाग बोर्ड घेण्यापेक्षा श्रेयस्कर. शेवटचे बिट नुसतेच थरथरत असतील, तर १६ बिटांचे तरी काय करावयाचे?

बोर्ड घेताना त्यातील मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलते का, ते पाहावे. आर्डुइनो लिओनार्डोवरील एटीमेगा ३२यू४ बोलते, वाचन १० बिटांचे. जुन्या उनोवरील मुख्य चिप बोलत नाही, म्हणून ती या कामी गैरसोयीची. एसटीएम३२एफ१०३ हीही यूएसबी बोलते, वाचन १२ बिटांचे, आणि फ्रीजॉय ही फर्मवेअर तिच्यासाठीच आहे. आमचा कौल हिलाच. पण ही चिप ३.३ व्होल्टची, सेन्सरला ५ व्होल्ट देऊन त्याची तार तिच्या अ‍ॅनलॉग पायास जोडली, तर तो पाय जळू शकतो. म्हणून ३.३ व्होल्टवर चालणारा सेन्सरच घ्यावा.

बटणे अनेक असल्यास ६ × ६ च्या जाळ्यात १२ तारांवर ३६ बटणे बसतात. प्रत्येक बटणास एक डायोड जोडावा. नाही तर तीन दाबली असता चौथे दाबल्याचा भास होतो. आणि जुन्या तारा तोडण्यापूर्वी त्यांचे रंग वहीत टिपून ठेवावेत.