पाळीची गाडी आणि पगारातले पेट्रोल

भोसरी, पिंपरी, निगडी या भागांतून चाकणला पाळीवर जाणाऱ्या कामगार बांधवांच्या घरी दूध-किराण्याच्या जोडीला पेट्रोलचाही खर्च असतो. जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर १००० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५० देत असेल तर २० लिटर लागते, ६० देत असेल तर १७ लिटरच्याही आत भागते. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला तीनशेच्या वर, वर्षाला जवळजवळ चार हजार रुपये वाचतात. मुलांच्या वह्या-दप्तराचा खर्च त्यात निघतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, गॅरेजवाल्याला दोष देण्याआधी ॲव्हरेज मोजा. टाकी फुल्ल करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. आठवड्याने त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा. झालेल्या किलोमीटरना बसलेल्या लिटरने भागा. हा हिशेब शाळेत जाणाऱ्या मुलीकडे सोपवा, ती कॅलेंडरवर चोख लिहील.

सर्वांत जास्त पेट्रोल घाई खाते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. घरून दहा मिनिटे आधी निघून नाशिक रस्त्याला गाडी ४५-५० वर एकसारखी ठेवली, तर पेट्रोल वाचते आणि माणूसही धडधाकट घरी येतो. चाकणच्या तळेगाव चौकात वाहतूक तुंबली की अनेक जण हाफ क्लचवर गाडी रेटत राहतात. त्याने क्लच प्लेट झिजते. गाड्या हलत नसतील तर सरळ इंजिन बंद करावे. उतारावर मात्र इंजिन बंद करून गाडी सोडू नये. तो जिवाशी खेळ आहे.

आकुर्डीत बनलेली बजाज चेतक ज्यांनी चालवली, त्यांना ती तिरकी करून किक मारणे आणि प्लगचा कार्बन खरवडणे आठवत असेल. आताच्या गाड्यांना ते लागत नाही. पण हवा, चेन आणि ब्रेक यांची गरज तीच आहे. टायर थंड असताना आठवड्याला हवा तपासावी. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात किती हवी, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. गाडी मोठ्या स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावून मागचे चाक हाताने फिरवा. लगेच थांबले तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन आवळली आहे. ट्रकच्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, तोही बघून घ्यावा.

एवढे करूनही थोडा फरक राहील. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि त्यात पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या बनावटीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे ३ ते ४ टक्के घटेल असे म्हटले होते. तेवढ्या घटीसाठी इंजिन खोलायला देऊ नये. ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्याही विकायला येतात. आम्ही तरी त्यावर पैसे घालणार नाही.