जुन्या पेट्रोल जीपचा टायमिंग गियर गेला? नुसता गियर बदलून भागत नाही

चांगली चालती जीप रस्त्यात एकदम बंद पडते. स्टार्टर मारला की इंजिन फिरतं, पण आवाज नेहमीसारखा येत नाही आणि गाडी काही पेट घेत नाही. मग कोणी पेट्रोल तपासतं, कोणी प्लग बदलतं, कोणी कार्बोरेटर खोलून बसतं. जुन्या जीपमध्ये अशा वेळी दोष टायमिंग गियरचाही असू शकतो, आणि तो ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

इथे ज्या इंजिनाची माहिती आहे ते म्हणजे महिंद्राच्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमधलं चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्याच घराण्यातलं हे इंजिन. आधीच्या इंजिनापेक्षा ते उंच, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. पुष्कळ जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. आपल्या गाडीत कोणतं इंजिन आहे ते आधी बघून घ्यावं, कारण पुढची माहिती डिझेलला तशीच्या तशी लागू होत नाही.

क्रँक दोन फेरे फिरला की कॅमशाफ्ट एक फेरा फिरतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मिटतात. ही वेळ सांभाळणारे दोन गियर इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड असतात. क्रँकचा लहान गियर पोलादी, तर कॅमशाफ्टचा मोठा गियर मूळ बनावटीत फायबरचा, मध्ये लोखंडी बूच. फायबर कशासाठी, तर आवाज कमी व्हावा म्हणून. पण त्यामुळेच हा गियर जाताना फारशी सूचना देत नाही. कधी पुढून खडखड येते, कधी कार्बोरेटरमधून फटाका फुटतो. बऱ्याचदा मात्र दात एकदमच साफ होतात, नाहीतर फायबर बुचापासून सुटतं.

ओळखायचं असं. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढावी, गाडी न्यूट्रलला टाकावी, इग्निशन बंद ठेवावं आणि एकाने हँडल सावकाश फिरवावं. आतला रोटर फिरला नाही तर गियर गेला असंच बहुतेक समजावं. कारण या इंजिनात कॅमशाफ्ट ऑइल पंप फिरवतो आणि पंपाचा दांडा डिस्ट्रिब्युटर फिरवतो. म्हणजे रोटर थांबला की ऑइल पंपही थांबला. त्यानंतर स्टार्टर मारत बसणं किंवा गाडी ढकलून चालू करायला बघणं म्हणजे कोरड्या बेअरिंगवर इंजिन फिरवणं. गाडी सरळ ओढून न्यावी.

गॅरेजमध्ये रेडिएटर, फॅन बेल्ट, हँडल अडकवायचा नट, पुली आणि पुढचं झाकण काढलं की गियर दिसतो. फायबरचे दात वेल्डिंगने भरता येत नाहीत. कोणी भरून देतो म्हणाला तर तिथून गाडी उचलावी. जुन्या बाजारातला पोलादी किंवा दुसऱ्या धातूचा गियर मिळाला तर चालतो, आवाज थोडा वाढतो. मात्र दातांची संख्या, दातांचा तिरकसपणा आणि खुणेचा ठिपका जुन्याशी ताडून बघावा. क्रँकच्या गियरचे दात झिजलेले असतील तर जोडीच बदलावी. जुन्या दाताने नवा फायबर खाल्ला तर पैसे पाण्यात.

आता खरी गोष्ट, जी घाईत राहून जाते. तुटलेल्या दातांचा भुगा जातो कुठे? खाली ऑइलच्या चेंबरमध्ये. तिथे पंपाची जाळी आहे. भुगा जाळीत अडकला की नवा गियर बसवूनही ऑइलचं प्रेशर पडतं आणि आठवडाभरात बेअरिंग वाजायला लागतात. म्हणून चेंबर उतरवून, जाळी काढून, रॉकेलने किंवा डिझेलने धुतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये. वेळ वाचवायला मिस्त्री नको म्हणेल, मालकाने हट्ट धरावा.

दुसरं, गियर गेला का ते शोधावं. गियरवर ऑइलची धार सोडणारी एक बारीक नळी ब्लॉकच्या पुढच्या बाजूला असते. ती गाळाने बुजली की फायबर कोरडं चालतं, तापतं, फुटतं. बारीक तारेने तिचं भोक मोकळं करावं आणि धार दोन्ही गियर जुळतात त्याच जागी पडेल असं तोंड ठेवावं. एवढं केलं नाही तर नवा गियरही त्याच वाटेने जाणार.

बसवताना दोन्ही गियरवरचे ठिपके समोरासमोर आले पाहिजेत. एक दात जरी चुकला तरी गाडी ओढत नाही. गियर बोल्टने ओढून बसवावा, हातोड्याने ठोकू नये. फायबरला तडा जातो, शिवाय कॅमशाफ्ट मागे सरकून मागचं बूच निसटू शकतं. ऑइल पंप काढलेला नसेल तर ठिपके जुळले की डिस्ट्रिब्युटरही आपोआप जागेवर येतो. पंप काढला असेल तर पुढच्या पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा, हँडल फिरवताना दाब लागला म्हणजे कॉम्प्रेशन. तिथून डिस्ट्रिब्युटर जुळवायचा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, आणि स्पार्क वरच्या बिंदूच्या 5 अंश आधी.

झाकण लावताना पॅकिंग आणि ऑइल सील नवीनच घालावं, ते फार महाग नाहीत. मग चारही प्लग काढून हँडलने इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवून बघावं, कुठे अडत नाही ना. कॉइलची वायर काढून स्टार्टर थांबत थांबत मारावा, ऑइलच्या काट्याने प्रेशर दाखवलं की मगच प्लग आणि वायर लावून गाडी चालू करावी. पहिलं ऑइल 500 किलोमीटरच्या आत बदलावं आणि काढलेलं ऑइल फडक्यातून गाळून बघावं. फायबरचे कण दिसले तर चेंबर पुन्हा उतरवावा लागेल.